दुसरा बार

माझ्या बाबांच्या रायफलीला कोणती काडतुसं घ्यायची ते आई ठरवायची. त्या रायफलीला आईनं जन्मात कधी बोट लावलं नव्हतं. ती पुढच्या दाराआड उभी असली की आई मागच्या दारानं फिरून विहिरीवर जायची. पण काडतुसांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा होता, आणि बाबांसारखा फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस तो मुकाट्यानं मानायचा.

बाबा निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी दुसरीत होते. चामोर्शीपासून आत, जंगलाला लागून आमची तीन एकर धानाची शेती. लोंबी भरायला लागली की रानडुकरं यायची आणि एका फेरीत अख्खी बांधी, म्हणजे धानाचं खाचर, लोळवून जायची. आई सकाळी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभी राहून चिखलात मिसळलेलं धान बघायची आणि डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग बाबांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढला आणि एका मालगुजाराच्या घरून वापरलेली रायफल विकत घेतली. पॉइंट टू-टू. नळी इतकी बारीक, की माझी करंगळीसुद्धा तिच्यात जाईना. ज्यांच्याकडे नळीत दारू ठासायच्या भरमार बंदुका होत्या ते गावातले शेतकरी चावडीपाशी हसायचे, “काऊन भाऊ, हे बंदूक हाये का पिचकारी?”

बाबा हसण्यावारी न्यायचे. त्यांना डुक्कर मारायचंच नव्हतं. एक तर कायदा आडवा, आणि एवढ्याशा गोळीनं डुक्कर मरत नाही, नुसतं जखमी होऊन पिसाळतं, हे त्यांना ठाऊक होतं. “मी त्याले मारून नाई राह्यलो,” ते म्हणायचे, “मी त्याले सांगून राह्यलो का बाबा, इथी माणूस हाये.” मग फटाके का वाजवत नाही, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असायचं. फटाक्याला डुक्कर आठवडाभरात सरावतं. गोळी हवा फाडत जाते त्या आवाजाला सरावत नाही. म्हणून शेतातल्या बोडीच्या मातीच्या पाळीत, वर वर न मारता खाली पोटात, ते गोळी घालायचे. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं शेततळं. ओली माती गोळी गिळायची आणि आवाज तेवढा जंगलात जायचा.

तेव्हा आम्हाला काडतूस हवं होतं ते आवाजासाठी. नेम, ताकद, किंमत, सगळं नंतर. आणि इथंच आईचं काम सुरू व्हायचं.

ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आम्ही सगळे जायचो. पांढरी साडी, पांढरा सदरा, डब्यात पोळ्या आणि वांग्याची भाजी. वंदना झाली, पुस्तकांच्या दुकानांतून फिरून झालं, की आई कुठंतरी सावलीला बसायची आणि बाबा मला घेऊन जटपुरा गेटच्या आतल्या एका बोळात जायचे. तिथं बंदुकांचं जुनं दुकान. म्हातारा दुकानदार बाबांना बघितलं की विचारायचा, “काय फौजीभाऊ, यंदा कोणती?” बाबा म्हणायचे, “दोन्ही दाखवा.” दोन जाती असायच्या, एक देशी, एक विलायती. बाबा एकेक काडतूस काचेवर आडवं ठेवून बोटानं ढकलायचे. सरळ गडगडत गेलं तर ठीक, वाकडं वळलं तर बाजूला. शिशाच्या टोकावरचं मेण नखानं बघायचे. पितळी बूड उजेडात धरून काठ बघायचे, कारण या काडतुसावर घोड्याचा ठोका मधे पडत नाही, काठावर पडतो, आणि काठ खराब असला तर बार होतच नाही. दुकानदार ओळखीचा, म्हणून डबी फोडून दोन्हीतली थोडी थोडी द्यायचा. परवान्याच्या पुस्तकात तेवढी नोंद व्हायची.

मग गावी आल्यावर पारख. सांजेला बाबा शेतातल्या मचाणावर जायचे. आई अंगणात उभी राहायची, पदर कानामागं सारून. बाबा एक बार काढायचे. मग थांबून दुसरा. एक देशी, एक विलायती. कोणती आधी हे ते मुद्दाम कुणालाच सांगायचे नाहीत आणि दरवर्षी क्रमही बदलायचे. पारख निष्पक्ष झाली पाहिजे असा त्यांचा फौजी हट्ट. त्यांचे स्वतःचे कान फौजेतच अर्धे गेले होते, आणि तसंही, ते म्हणायचे, उडवणाऱ्याला आवाज कळत नसतो. तो लांबून ऐकणाऱ्यालाच कळतो. घरी आल्या आल्या पायही न धुता विचारायचे, “बोल. कोणता?”

आई शांतपणे सांगायची. बाबा मान डोलवायचे, आणि पुढच्या आठवड्यात मूल गावावरून पुन्हा चंद्रपूरला जाऊन त्या जातीची पुरी डबी आणायचे. गंमत अशी, की आईचा कौल एका वर्षी देशीकडं जायचा तर दुसऱ्या वर्षी विलायतीकडं. बाबांनी यावर मोठं शास्त्र उभारलं होतं. पाऊस लांबला की हवा दमट राहते, तेव्हा देशी गोळी चांगली वाजते. थंडी लवकर पडली की विलायती खणखणते. हे ते भरमारवाल्यांनाही समजावून सांगायचे, आणि जे आधी पिचकारी म्हणून हसले होते ते गंभीर तोंड करून ऐकायचे. मी तर शाळेत विज्ञानाच्या बाईंना हे सांगून शाबासकीही मिळवली होती.

पारख झाली की पुढं सुगीपर्यंत रोज सांजेला एक बार. धान कापून त्याचे ढीग, पुंजणे, लागेपर्यंत. तो बार ऐकला की मी अभ्यासाचं पुस्तक मिटायची, कारण आता बाबा थोडा वेळ मचाणावर बसतील आणि मग जेवायला येतील हे ठरलेलं. आजही वरोऱ्यात, शाळेतून घरी येऊन दिवा लावते तेव्हा माझा कान बाहेर असतो. बाहेर कापसाच्या गाड्यांचे हॉर्न असतात. मला ते एरवी चालतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात चालत नाहीत.

मी डीएडला होते त्या वर्षी बाबांनी पारख मोडली. दुकानात मला पुढं केलं आणि म्हातार्‍याला म्हणाले, “यंदा पोरगी निवडन. शिकलेली हाये.” मला कोण फुशारकी! मी सगळ्या डब्यांवरचं इंग्रजी वाचलं. एका निळ्या डबीवर लिहिलं होतं की ही स्पर्धेतल्या नेमबाजांसाठी आहे. सगळ्यांत महाग तीच. मी ती उचलली. दुकानदार म्हणाला, “पोरी, हिचा आवाज...” तर बाबांनी त्याचं वाक्य तिथंच तोडलं. “पोरगी निवडून राह्यली न भाऊ, निवडू द्या तिले.” त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून दुकानदार गप्प बसला. मी त्या आनंदात इतकी फुगले होते की वाक्य काय होतं ते विचारायचं सुचलंच नाही.

त्या सांजेला बाबा मचाणावर गेले. आई अंगणात उभी राहिली. आम्ही वाट पाहिली. काहीच ऐकू आलं नाही.

ही काडतुसं संथ चालीची असतात हे मला पुढं कळलं. त्यांची गोळी हवा फाडत नाही, म्हणून तडाखा नाही. नुसता फट् असा आवाज, सुकलेली काडी मोडल्यासारखा, आणि तो धुऱ्यापलीकडं जात नाही. बाबांनी दोन बार काढले होते. त्यांच्या अर्ध्या कानांना ते नेहमीसारखेच वाटले. इकडं आईच्या तोंडचं पाणी पळालं. पलीकडच्या गावात कुणाची तरी भरमार हातात फुटून दोन बोटं गेली होती, ती गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना पाठ होती. शिवाय जंगलात वाघ होताच, आणि त्या रायफलीनं वाघाला गुदगुल्याही झाल्या नसत्या. आई एकदम निघाली. पायात एकच चप्पल, दुसरी अंगणात. मी तिच्यामागं. धुऱ्यावरून ती अशी पळत होती की मला ती गाठता येईना.

बाबा मचाणावर निवांत बसले होते. आम्हाला बघून खाली वाकून म्हणाले, “आत्ता! सांगाले इथवर आली का? बोल, कसा वाटला?”

आई धुऱ्यावर खालीच बसली. त्यांना म्हणाली, “मेली ते डबी अन् मेले तुमचे डुक्कर.” मग ती रडली आणि मग हसायलाच लागली. बाबांना काय झालं ते कळायला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. आता बोलणी बसणार. पण ते म्हणाले, “डबी चांगलीच हाये. आपलं काम येगळं हाये, येवढंच.”

पुढच्या फेरीला त्यांनी नेहमीच्या दोन जातींतली देशी आणली. आणि माझी निळी डबी? डुकरांना ती कुचकामी, परत कुणी घेईना. म्हणून त्या हिवाळ्यात रविवारी मी घरी आले की बाबा मला बोडीवर घेऊन जायचे. पुठ्ठ्यावर पळसाचं पान काट्यानं टाचायचे. तीन दलांचं पान. मधल्या दलावर नेम. मला धुऱ्यावर पालथं झोपवायचे, कोपराखाली पोतं, आणि स्वतः बाजूला उकिडवे. “श्वास घे. अर्धा सोड. आता रोक. घोडा ओढू नको, दाब. धानाचा दाणा चिमटीत दाबून पाह्यतो न आपण, दूध भरलं का नाई म्हून, तसा.” पहिल्या रविवारी मी पान सोडून पाळीला आणि एकदा चुकून बोडीतल्या पाण्याला गोळी मारली. पाण्यावर गोळी उसळते, म्हणून त्यांनी मला त्या दिवशी पुन्हा रायफल दिली नाही. नुसती रिकामी काडतुसं वेचायला लावली. मी रुसले. तर म्हणाले, रुसव्याचे पण राऊंड मोजून मिळतात.

संपूर्ण आयुष्यात बाबा माझ्याशी सलग बोलले असतील तर त्या हिवाळ्यात. सीमेवरच्या थंडीबद्दल बोलले. त्यांच्या पलटणीतल्या एका मित्राबद्दल बोलले, जो परत आला नाही. मला नोकरी लागली की पहिल्या पगारात काय घ्यायचं याबद्दल बोलले. त्या काडतुसांचा आवाज इतका हलका होता की दोन बारांच्या मधे चिमणीही उडायची नाही आणि बोलणंही तुटायचं नाही. मी चुकीची डबी घेतली नसती तर हे काही झालं नसतं. मला तो हिवाळा परत हवा आहे. इतका हवा आहे की कधीकधी वर्गात मुलांना श्रुतलेखन देता देता माझा श्वास अर्धा सुटतो आणि तिथंच थांबतो.

डबीतलं शेवटचं काडतूस मधल्या दलात गेलं. बाबांनी ते पान पुस्तकात ठेवलं होतं. पुढं कसर लागली आणि पुस्तकासकट गेलं.

नंतर मला वरोऱ्याला नोकरी लागली, लग्न झालं, आणि पारख माझ्याविना होऊ लागली. बाबांनी मोबाइल घेतल्यावर मचाणावरून फोन करायचे, “आयकलं का?” त्यांच्या फोनमध्ये बार म्हणजे नुसती खरखर. मी म्हणायची, ऐकलं. निवडणूक लागली की रायफल ठाण्यात जमा करावी लागायची, तेव्हा बाबा चिडचिडे व्हायचे. आई मात्र त्या महिन्यांत भलतीच खुशीत असायची. लवकर जेवायची, शेजारणींकडं बसायला जायची. डुकरं धान खातायत आणि ही हिंडतेय, म्हणून मी एकदा तिला बोललेही होते.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. दुखणं अंगावर काढलेलं, आणि मग एका आठवड्यात सगळं आटोपलं. जलदान विधी झाला, आलेली माणसं गेली, आणि मी रायफल ठाण्यात जमा करून आले. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. शेत बटईनं, वाट्यानं, दिलं. बटईदारानं बांध्यांभोवती झटका मशीनची तार लावली. डुक्कर शिवलं की झटका बसतो आणि पळतं. धान वाचतं. आवाज नाही, काही नाही.

ठाण्यातून पत्र आलं. वारसानं नव्या परवान्याचा अर्ज करावा, नाहीतर हत्यार सोडून द्यावं, म्हणजे ते शासनजमा होईल. मुदतही दिली होती. मी लगेच ठरवलं. अर्ज आणला, फोटो काढले, डॉक्टरांचा दाखला घेतला. नवरा म्हणाला, शाळेच्या बाई बंदूक घेऊन काय करणार? मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी आईची संमतीची सही घ्यायला गावी गेले. सही म्हणजे निव्वळ उपचार, असंच मी धरून चालले होते.

आई अंगणात लाखोळीची भाजी निवडत बसली होती. मी कागद पुढं केला. म्हटलं, रायफल माझ्या नावावर करून घेते.

“काऊन?”

“शेताला लागेल.”

“मशीन हाये न.”

मग मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, मला तो आवाज पाहिजे, आई. मी सुट्टीत येत जाईन. चंद्रपूरहून दोन्ही जाती आणीन, सांजेला शेतात जाऊन दोन बार काढीन. तू इथं उभी राहा आणि मला सांग, कोणता चांगला. बाबांना सांगायचीस तसं.

आईचे हात थांबले. “मले काय कळते त्यातलं?”

“इतकी वर्षं कोण सांगत होतं मग?”

“मी दुसराच सांगो.”

मला आधी कळलंच नाही.

“दरसाली दुसराच सांगतलं मी,” आई म्हणाली. “तुले ध्यान नाई? पयला बार झाला का माया जीव इथी येये.” तिनं गळ्याला हात लावला. “वाटे, फुटली त नसन? ते बोटं तुटलेला माणूस डोयापुढं दिसे. मंग दुसरा झाला का समजे, हाये बाप्पा माणूस, हात जाग्यावर हायेत. मंग मले दुसराच चांगला लागे. गोयी कोणती का असना.”

मला राग आला, हे कबूल करते. दमट हवेची देशी, थंडीची विलायती, बाबांचं ते सगळं शास्त्र, माझी शाबासकी, सगळं हिनं भाजीच्या देठासारखं मोडून बाजूला टाकलं. आणि रोजचा तो एक बार? त्याच्यानंतर तर दुसरा नसायचाच. ज्या बारानंतर मी निवांत पुस्तक मिटायची, त्याच्यानंतर ही बाबा दारात दिसेपर्यंत चुलीपुढं जीव मुठीत धरून बसायची. एका घरात, एका आवाजाखाली आम्ही दोघी राहिलो आणि मला पत्ताही लागला नाही. निवडणुकीच्या महिन्यांत ती लवकर का जेवायची ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी तिला बोलले होते तेही आठवलं.

“बाबांना का नाही सांगितलंस कधी?” मी विचारलं.

आई पुन्हा भाजी निवडायला लागली. “सांगतलं असतं त मले तरास नको म्हून त्यायनं एकच बार काढला असता.”

तिनं निवडलेली भाजी टोपलीत टाकली. मग तीच म्हणाली, “तू मनशीन त सही करतो मी. पण आता तू जाशीन वावरात अन् मी पुन्हा उभी राहू इथी? मले आता कोणाची वाट नाई पाह्याची, पोरी.”

तिनं पेन मागितलं. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. कारकुनानं दुसरा फॉर्म काढून दिला, हत्यार सोडून देण्याचा. जाण्याआधी रायफल एकदा बघायची का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. चिठ्ठी बांधलेली रायफल त्यानं टेबलावर ठेवली. तिच्या दस्त्यावर गाल टेकायची जागा आहे, तिथलं पॉलिश बाबांच्या गालानं गेलेलं. तिथं मी हात ठेवला. कारकून चांगला माणूस असावा, तो खिडकीकडं बघत राहिला.

फॉर्मवर खाली एक रकाना होता, हत्यार सोडण्याचं कारण. मी लिहायला लागले तर दोन ओळी झाल्या, तीन झाल्या, जागा पुरेना. कारकून म्हणाला, “मॅडम, इतकं नाई लागत. ‘गरज नाही’ येवढंच लिवा.”

मी लिहिलेलं खोडलं आणि ‘गरज नाही’ असं लिहून खाली सही केली. आयुष्यात इतकं खोटं मी कधी लिहिलेलं नाही.